डावी बाही

कादिझच्या जुन्या बाजारात, रविवारी,
गंजलेल्या चाव्या नि कान तुटलेल्या कपांमध्ये
हा कागद मिळाला : शिवणकामाचा, खाकी, चुरगळलेला.
एका अंगाला बाहीची आखणी, वर लिहिलेलं 'डावी',
दुसऱ्या अंगाला सहा रेघा आणि त्यांवर आकडे.
विकणारा म्हणाला, हिशेब असेल कुणाचा.
मी दोन युरो दिले.
हिशेब सोलेआचा होता.

बारा मात्रा. तीन, सहा, आठ, दहा, बारा,
त्या जागी आकडे ठसठशीत,
पेन्सिल दाबून काढलेले,
कात्री कुठे वळवायची याची खूण करावी तसे.

घरी वाजवून पाहिलं. दोन ओळी सुरळीत.
तिसरीपासून बोटं एकमेकांत अडकू लागली.
चौथ्या तारेची रेघ कोरी. शेवटपर्यंत कोरी.
मोकळ्या तारेवर आयता मिळणारा सूर
हा माणूस पाचव्या तारेवर, पाचव्या पडद्यावर
का शोधत जातो? दार सताड उघडं असताना
भिंतीवर चढून का येतो?
फुल्हेन्सिओ, माझे गुरुजी, चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"लिहिणाऱ्याला गिटार येत नव्हती. फेकून दे."

फेकला नाही.
तो हिवाळा नुसता ऐकण्यात गेला.
कॅसेटी, तबकड्या, कुणाच्या लग्नातली रेकॉर्डिंग,
एका न्हाव्याकडची टेप, जिच्यावर निम्मा वेळ कुत्रा भुंकतो.
एकोणीस सोलेआ. काहींची सुरुवात जुळायची,
मग वाट फुटायची,
गर्दीत ओळखीची पाठ दिसावी
आणि वळल्यावर चेहरा परका निघावा, तशी.

मग हेरेसला ओबदुलिया भेटली, पिंपं बांधणाऱ्याची विधवा.
पलंगाखाली बिस्किटांचा डबा, डब्यात एकच रीळ,
दिराचं, बेनिग्नोचं.
तिचं यंत्र थकलेलं, फिरायला कंटाळलेलं,
सूर अर्धी पायरी खाली घसरलेला.
मी माझ्या तारा तेवढ्या सैल केल्या,
म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना
पाऊल आखूड टाकावं तसं.

खुर्ची करकरली. कुणी खोकलं.
कागदावर बोट ठेवून निघाले. पहिली ओळ जुळली.
दुसरी जुळली. तिच्या शेवटी, दहाव्या मात्रेवर,
तट्.

हात थांबले. पायाचा ठेका तेवढा चालू,
अकरा, बारा,
आणि तो पुढे निघाला, पाच तारांवर,
भिंतीवर चढून, पाचव्या पडद्यावरून,
गेलेला सूर शेजारच्या घरातून उसना आणत.

कागदावर तिथेच एक बारीक फुली होती.
इतके दिवस मी तिला टाक्याची खूण समजत होते.

"माझी बहीण," ओबदुलिया म्हणाली, "प्रेसेन्तासिओन. शिवायची.
संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं तिला.
समोर बसून मापं घेतल्यासारखी
त्याची बोटं बघायची, बस."
लग्न झालं का त्यांचं, मी विचारलं.
"कुणाचं?" म्हणाली,
आणि रीळ उलटायला उठली.

कागद संपतो, टेप आणखी दोन मिनिटं चालते.
उरलेलं उजव्या बाहीवर असणार.
ती कुठे टाचली गेली, कुणाच्या दंडाला बेतली गेली,
कोण सांगणार.

फुल्हेन्सिओंना ऐकवलं. त्यांनी चष्मा पुसला,
पुसलेला पुन्हा पुसला.
मग आपली गिटार मांडीवर घेऊन चौथी तार उतरवली,
वेटोळं करून कॉफीच्या बशीत ठेवली.
"चल," म्हणाले, "पुढचं लिहून घे."

मी सहा रेघा ओढल्या.
चौथी कोरीच राहणार होती,
तरी ओढली.